पाठ टेकल्यावरचे तीन आकडे

कापूस घरात यायला लागला की आधी आवाज बदलतात. बोललेलं भिंतीवरून परत येत नाही, ढिगात जिरून जातं. टीव्ही मोठा करावा लागतो. यंदाही बैठकीच्या खोलीत कापूस लागला, खिडकीच्या अर्ध्यापर्यंत चढला, आणि मी आवाज वाढवायला हात घातला तर हातात भलताच रिमोट आला. काळा, जाड, दोन्ही बाजूंना शिंगं निघाल्यासारखा. सुभाष भाऊजींनी कुरियरने पाठवलेला.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. पुण्याला असतात. त्यांचा फोन आला होता. "वहिनी, तो कुस्तीचा गेम आठवतो का? आपला कॅसेटचा? तो परत आलाय बाजारात. सुधारून काढलाय."

"काय सुधारलं त्यात?"

"सगळंच."

सुधारित हा शब्द मी दिवसातून वीस वेळा वापरते. जिंतूरला आमचं बी-बियाण्याचं दुकान आहे आणि काउंटरला मी असते. सुधारित वाण म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. बोंड मोठं, फुटायला मोकळं, वेचायला सोपं. कुणी जुनं बी मागितलं तर मी सरळ सांगते, काका, ते विसरा, त्यापेक्षा चांगलं आलंय. पण कुस्तीत काय सुधारतात, हे मला कळेना. पैलवान पडायचे कमी होतात का?

पहिला गेम आमच्या घरात आला तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. भाऊजी परभणीला आयटीआयला होते. शनिवारी यायचे, सोमवारी पहिल्या एसटीने जायचे. मधले पाच दिवस तो गेमचा डबा टीव्हीखाली गप्प पडलेला असायचा. त्यात एकच कॅसेट चालायची, कुस्तीची. बाकीच्या घातल्या की पडद्यावर नुसत्या रेघा.

वेचणी जोरात होती. माणसं सगळी रानात. मी नवी सून म्हणून घरात, स्वयंपाकाला आणि कापूस निवडायला. किडका, पिवळा पडलेला कापूस वेगळा काढायचा, पाचोळा झटकायचा. दुपारपर्यंत नखांच्या कडा सरकीने सोलून निघायच्या. ढिगाला पाठ टेकली की तो आधी आत घेतो, मग हळूहळू वर ढकलतो. ब्लाऊजच्या आत बारीक तंतू जाऊन खाज सुटते. एके दुपारी मी तशीच ढिगाला टेकून, पदर खोचून, गेम लावून बसले. आणि आत्याबाई रानातून गाठोड्यांबरोबर लवकर घरी आल्या.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. त्या दारात उभ्या राहिल्या. "काय करायलीस?"

"टीव्ही पाहायले, आत्याबाई."

"टीव्ही पाहायला दोनी अंगठे लागतेत व्हय?"

मी उठायला गेले. त्यांनी हातानेच बस म्हटलं, स्वतः उंबऱ्यावर टेकल्या आणि पदराने मान पुसत पडद्याकडे बघायला लागल्या. तिथे तांबडा पैलवान दाढीवाल्याचा पाय ओढत होता. मग म्हणाल्या, "तांबडा लय येडा हाय. पाय असा धरतेत का? दे इकडं."

त्या दिवसापासून वेचणी संपेपर्यंत, रोज दुपारी, सासू आणि सून कापसाच्या ढिगाला टेकून कुस्ती खेळत होत्या. मी हे आजवर कुणाला फारसं सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं वाटलं नाही. त्यांचं वय तेव्हा किती असेल, असा हिशोब परवा सहज केला, तर त्या आजच्या माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान निघाल्या. मी दोनदा करून पाहिला. माझ्या डोक्यात त्या पहिल्यापासून म्हाताऱ्याच होत्या.

आत्याबाईंचं माहेर पिंगळीकडचं. त्यांचे वडील पैलवान. जत्रेच्या कुस्त्यांना बायका आखाड्याजवळ जात नसत, म्हणून ह्या मैत्रिणींबरोबर शेजारच्या घराच्या माळवदावर चढून पाहायच्या. तेवढ्या उंचीवरून डावपेच नीट दिसत नाहीत. कुणाचा हात कुठे, पाय कुठे, काही कळत नाही. दिसते ती पाठ. मातीने भरली की नाही, एवढंच. त्यामुळे कुस्तीचा एकच नियम त्यांना पक्का ठाऊक होता आणि तो त्यांनी मलाही शिकवला. पाठ टेकली, कुस्ती संपली.

आमच्या खेळाची रीत त्यावरूनच पडली. त्यांचा दाढीवाला, माझा तांबडा. ज्याची पाठ जमिनीला लागेल त्याने रिमोट कापसावर ठेवून द्यायचा आणि तोंडाने म्हणायचं, "लागली." हरलेलीने पुढची कापसाची पाटी निवडून साफ करायची. लाईट मधेच गेली तर कुस्ती बरोबरीत सुटली. लाईट रोज जायची. वीज येलदरीच्या धरणावर, आमच्या घराच्या इतक्या जवळ, तयार व्हायची आणि आधी आमच्याच घरातून जायची.

पडद्यावर एक पंच असायचा. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टातला, ठोकळ्या-ठोकळ्यांचा. पैलवान पडला की हा धावत यायचा आणि जमिनीवर हात आपटायचा. एक, दोन, तीन. आम्हाला वाटायचं, त्याची निकाल सांगायची तऱ्हा असेल. कुणी शिट्टी वाजवतं, कुणी हात वर करतं, हा जमीन आपटतो. आत्याबाई म्हणायच्याही, "बस झालं की बाबा, कळलं आमाला."

मी त्या मोसमात जिंकले थोडी, हरले पुष्कळ. दाढीवाला दणकट होता आणि आत्याबाईंना दया नव्हती. नव्या सुनेला एखादी कुस्ती द्यावी, असं त्यांच्या मनातही आलं नसावं. पण त्या हरल्या की खरंच पाटी ओढून निवडायला बसायच्या. सासूला सुनेसमोर हरून बसलेलं मी माहेरी कधी पाहिलं नव्हतं. मला त्याचं काय करावं हे कळायचं नाही. मी म्हणायचे, "राहू द्या, मी करते." त्या म्हणायच्या, "सरक."

तर हे झालं तेव्हाचं.

यंदा श्रावणात आत्याबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. वाचा पंधरवड्यात परत आली, पहिल्याइतकीच तिखट. पाय ओढत का होईना चालायला लागला. हात मात्र नाही. खांद्यापासून थोडा उचलतो, बोटं आहेत तशी अर्धी मिटलेली. व्यायाम करून घेणाऱ्या मॅडम जिंतूरहून आठवड्याला येतात. त्यांनी मला बाहेर नेऊन स्पष्ट सांगितलं, "पहिले काही महिने महत्त्वाचे. आत्ता जेवढं येईल तेवढंच. अंगठा हलवा, काहीही करून हलवा. अंगठा आला तर घास धरता येईल."

घास हाच खरा प्रश्न आहे. आत्याबाई आमच्यात जेवत नाहीत. ताट मागच्या खोलीत नेऊन ठेवायला लावतात, दार लोटून घेतात आणि डाव्या हाताने काय ते उरकतात. भरवू देत नाहीत. दिवाळीला लेकी-जावई आले, मोठी पंगत बसली, ह्या भूक नाही म्हणून आतच. साडी मी नेसवते, वेणी मी घालते, त्याचं त्यांना काही नाही. जेवताना कुणी पाहू नये एवढंच. वजन दिसण्याइतकं उतरलं.

मॅडमनी स्पंजचा चेंडू दिला होता. दिवसातून शंभर वेळा दाबायचा. तो त्यांनी डाव्या हाताने अंगणात भिरकावला. "मी लेकरू हाय का, चेंडू घिऊन बसाया?"

नेमका त्या दिवशी भाऊजींचा फोन आला होता. मी त्यांना विचारलं, "त्या नव्या गेमला बटणं कोणत्या हाताला असतात?" ते म्हणाले, उजव्या अंगठ्याखाली. मी म्हणाले, "पाठवा."

मी गेम लावला तेव्हा आत्याबाई बैठकीतल्या पलंगावर बसून माझ्याकडे पाठ करून होत्या. गर्दीचा आरडाओरडा सुरू झाला तशा वळल्या. नव्या गेममध्ये सगळं वेगळं आहे. पैलवानांच्या पोटऱ्यांच्या शिरा दिसतात, घाम ठिबकतो, मागे बसलेल्या माणसांना तोंडं आहेत. आत्याबाईंनी निरखून पाहिलं. "तेल लावलंय ह्यांनी. माती लावून उतरायचं सोडून तेल लावलंय. धरायचं कसं?"

"धरून तर बघा."

मी त्यांच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर रिमोट, त्यावर त्यांचे दोन्ही हात. डावा फिरवायला, उजवा मारायला. जोडीचा दुसरा रिमोट माझ्या हातात. उजवा अंगठा मी धरून बटणावर नेऊन ठेवला. तो तिथे बसला, इतकंच. तरी दाढीवाला इकडेतिकडे फिरला आणि मी सवयीने जोर लावून त्याला आडवा केला. पंच धावत आला. जमीन आपटली. एक.

तेवढ्यात रिमोट थरथरायला लागला. आत्याबाई दचकल्या. "भूकंप झाला का गं?"

पडद्यावर भलं मोठं बटण उघडझाप करायला लागलं आणि खाली इंग्रजीत अक्षरं आली. मी वाचलं. दाबत राहा आणि सुटून उठा, असा त्याचा अर्थ होता. मी ओरडले, "आत्याबाई, दाबा! अंगठा दाबा! उठतो तो!"

त्यांनी डाव्या हाताने रिमोट उचलला, पलंगावर ठेवला आणि म्हणाल्या, "लागली."

"लागली नाही अजून. तीनपर्यंत वेळ असतो."

"कुणी दिला येळ?"

"गेमने."

"पाठ टेकली का न्हाई, ते सांग."

"टेकली."

"मंग?"

 मी भाऊजींना फोन लावला. म्हटलं, हे तीन आकड्यांचं नवीनच काढलंय का? ते हसले. "जुन्यातही होतं की, वहिनी. तीन व्हायच्या आत बटण दाबत राहिलं की पैलवान उठायचा. आता फक्त पडद्यावर लिहून दाखवतात. तुम्हाला माहीत नव्हतं?"

मी फोन ठेवला आणि कापसाकडे बघत बसले. म्हणजे त्या सगळ्या दुपारी, पाठ टेकल्यावर आम्ही रिमोट ठेवत होतो, म्हणून कुणी बटण दाबत नव्हतं, म्हणून तीन पुरे होत होते, म्हणून गेमही निकाल तोच देत होता. आमची चूक आणि त्याचा निकाल रोज जुळत होते. अख्खा मोसम आम्हाला संशय आला नाही. मी ज्या कुस्त्या हरले त्या हरले होते का? त्या निवडलेल्या पाट्यांचं काय? यात रडण्यासारखं काही नाही हे मला कळतं. पण दुकानात दुसऱ्या दिवशी एकाने वाणाचं नाव विचारलं, मी भलतंच सांगितलं.

आणखी एक घोळ आहे. या गेममध्ये एक बटण दाबलं की जुनं रूप दिसतं, जसंच्या तसं. मी ते दाबलं. तांबडा ठोकळ्यांचा झाला, गर्दी ठिपक्यांची झाली. पण तांबड्याला मिशी नव्हती. मला पक्की आठवते त्याची मिशी. मी ती शेजारणीला वर्णन करून सांगितल्याचंही आठवतं. आत्याबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "मिशी दाढीवाल्याला व्हती." दाढीवाल्याला दाढीच होती, नुसती. दोघींचीही आठवण चुकली, आणि एकमेकींपेक्षा वेगळी चुकली.

मी व्यवहारी बाई आहे. अंगठा हलवायचा तर त्यांना खेळात ठेवायला हवं, म्हणून मी दुसऱ्या दिवसापासून हरायला लागले. दाढीवाल्याच्या समोर तांबडा नुसता उभा करायचा. आत्याबाईंचा अंगठा बटणावर कसाबसा रेलायचा, दाढीवाला हात उगारायचा, मी तांबड्याला आडवा पडू द्यायचे आणि "लागली" म्हणायचे. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं.

"नूरा खेळायलीस."

नूरा म्हणजे आधीच ठरवून केलेली कुस्ती. पैलवानाच्या घरात यापेक्षा वाईट शब्द नाही.

"नाही हो, आत्याबाई."

"माझ्या बापाच्या नावानं सांग."

मी त्यांच्या बापाला पाहिलेलंही नाही. तरी मला सांगता आलं नाही. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "हात गेलाय माझा. डोळं न्हाई गेले."

आठ दिवस, जेवायला आत जाण्यापुरतं सोडलं तर, त्या पलंगावरून हलल्या नाहीत. रिमोट तसाच पडून, त्याच्यावर कापसाचे तंतू साचले. मॅडम आल्या, बोटं एकेक उघडून पाहिली, अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "आहे तिथेच आहे." आत्याबाई ऐकत होत्या. मॅडम गेल्यावर ताट आत नेऊन ठेव म्हणाल्या. मी नेलं. परत आणायला गेले तर भाकरीचा एक तुकडा मोडला होता, बाकी तसंच.

मला राग आला. कुणावर, ते नीट सांगता येणार नाही. ही बाई नियम पाळते आहे की हार मानते आहे? पाठ टेकल्यावर उठायचं नाकारणं हा मोठेपणा की हट्ट? तेव्हा रिमोट ठेवून पाटी ओढणारी आणि आता भिंतीकडे तोंड करणारी एकच बाई आहे, आणि दोन्ही वेळा ती एकच गोष्ट करते आहे, तर तेव्हाची मला चांगली का वाटते?

मी ताट ठेवलं आणि पलंगासमोर उभी राहिले. "आत्याबाई, एक सांगा. पाठ टेकली, कुस्ती संपली. मान्य. पुढे काय होतं?"

"पुढं काय. संपली."

"हरलेला पैलवान काय करतो? तिथंच झोपतो मातीत? लोक उचलून नेतात?"

"उचलून कशाला नेतेत? मेला का तो?"

"मग?"

 त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "उटतो. आपलं आपण उटतो. माती झाडतो. जितला त्येच्याशी हात मिळवतो, मंग भाईर येतो."

"आपलं आपण?"

"मंग? त्येला काय दुसऱ्यानं उटवायचं?"

"ते तीन आकडे त्यासाठी आहेत," मी म्हणाले. हे मला त्या क्षणीच सुचलं. खरं आहे की नाही, मला माहीत नाही. गेम काढणाऱ्यांना विचारलं तर ते नाहीच म्हणतील. "कुस्ती तुमची गेलेली. ती माझी. पण तीन व्हायच्या आत आपलं आपण उठायचं. बटण त्या उठण्याचं आहे."

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर घेतला. 

"डाव तुझा धरायचा."

"धरला."

"नूरा न्हाई."

"नाही."

"लाव मंग."

मी खेळले. पहिल्यासारखी, दया न करता. दाढीवाला चार वेळा पडला. चारही वेळा त्या आधी "लागली" म्हणाल्या आणि मग बटणाकडे वळल्या. पहिल्या वेळी अंगठा हललाच नाही, तीन झाले. दुसऱ्या वेळी त्यांनी खांदाच पुढे ढकलला, सगळा हात बटणावर पडला, रिमोट उशीवरून घसरला, तीन झाले. तिसऱ्या वेळी मी पडद्याकडे न बघता अंगठ्याकडे बघत होते. नख पांढरं झालं. पण तीन झाले. चौथ्या वेळी त्यांचा ओठ दाताखाली होता आणि कपाळावर शीर आली होती. पंचाने दोन म्हटलं आणि दाढीवाला उठला.

अंगठ्याने उठला, मनगटाने उठला की आत्याबाईंनी डाव्या हाताचं बोट चोरून लावलं, ते मी पाहायला हवं होतं. मी त्या वेळी पडद्याकडे बघत होते.

तांबडा आणि दाढीवाला समोरासमोर उभे राहिले. मी मारलं नाही, त्यांनी मारलं नाही. कुस्ती झालेली होती. पण गेमला ते माहीत नव्हतं. गर्दी ओरडायला लागली, घड्याळ चालू होतं, पंच दोघांभोवती घुटमळत होता.

"हात मिळवायचं बटण कोणचं?" आत्याबाई म्हणाल्या.

मी सगळी बटणं दाबून पाहिली. तांबड्याने लाथ झाडली, उडी मारली, दंड थोपटले. "नाही, आत्याबाई. तसं बटणच नाही."

"न्हाई?"

"नाही."

"मंग सुधारलं काय ह्यांनी?"

त्यांनी रिमोट बाजूला सारला. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं आणि तो हात माझ्यापुढे केला. हरलेल्याने करायचा असतो तसा. मी माझा रिमोट ठेवला आणि हात हातात घेतला. तळवा थंड होता, बोटं कोरडी. मी मिळवला तसा त्यांनी मिळवला, की मीच दोघींचा मिळून मिळवला, ते कळलं नाही. मग त्यांनी डाव्या हाताने धरलेलं मनगट सोडलं.

"सोड आता," त्या म्हणाल्या.

मी बोटं सैल केली. दोन्ही आधार सुटले, तरी त्यांचा हात लगेच खाली आला नाही. किती वेळ आला नाही, ते विचारू नका. मॅडमनीही फोनवर तेच विचारलं. मी मोजत नव्हते.